न टाकलेला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऑस्करला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नाही. वसईला आईला नाही. कन्फेशनमध्येसुद्धा नाही. कन्फेशनला मी जाते, हं. अगदी नेमाने जाते. मुलीवर ओरडले, सासूबद्दल मनात वाईट आणलं, चर्चची मिस्सा चुकवली — हे सगळं फादरना सांगते. ते प्रार्थना सांगतात, मी ती म्हणते आणि बाहेर येते. हे एक मात्र दर वेळी तोंडाशी येतं आणि मी ते गिळून टाकते. बाकीची छोटी पापं सांगून हे मोठं लपवायचं, याला काय म्हणायचं?

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सांगते. पण एकदम नाही जमायचं मला, जरा फिरून फिरून येईन.

मी दोह्यात एका डॅनिश माणसाच्या छोट्या ऑफिसात काम करते. कतारमध्ये धंद्यानोकरीला आलेल्या डॅनिश लोकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा सकाळी ते सगळे वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात जमतात. माझे साहेब त्या मंडळाच्या कमिटीवर होते, त्यामुळे हॉल बुक करणं, आमंत्रणं पाठवणं, ताजे पाव, लोणी आणि चीज वेळेवर टेबलावर येतंय का बघणं, हे माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मी ते आनंदाने घेतलं. त्या हॉलमध्ये भारतीय अशी मी एकटीच. आणि मला ते आवडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही माणसं आपल्यासारखी नाहीत. वाईट नाहीत, पण निराळी. साहेब-बिहेब काही नाही, मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरलाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. कुणाचा वाढदिवस असला की केकात कागदाचे छोटे झेंडे खोचतात आणि गंभीर चेहऱ्याने गाणं म्हणतात. आणि कौतुक? छे! कौतुकाचं त्यांना वावडंच. एखाद्याने हॉस्पिटल उभारलं असलं तरी म्हणणार, "हं, बरा आहे तो." आणि तेच त्यांचं मोठं कौतुक. कुणी फार तारीफ करायला लागलं की यांच्या कपाळावर आठी.

नाश्ता संपत आला की एकेक जण उभा राहून सांगतो, मला अमुक माणूस हवाय. दुसरा कुणी म्हणतो, माझ्या ओळखीत आहे एक. मग कॉफी घेताना पहिला त्याला गाठतो आणि एकच प्रश्न विचारतो: तू स्वतः त्याला कामावर घेतलं असतंस का? बस. सर्टिफिकेटं नंतर. "हो" म्हटलं की झालं काम. आणि समोरचा जरा थांबला, कपात बघायला लागला, माणसाच्या कामाऐवजी भलतंच काही बोलला, की त्याचा अर्थ "नाही". कुणी कुणाची निंदा करत नाही. पण कळतं सगळ्यांना.

हे मी कशी शिकले, तर तोंडघशी पडून शिकले. सुरुवातीच्या काळात ऑस्करच्या मामेभावासाठी मी शब्द टाकला होता. आपल्या पद्धतीने टाकला — व्हेरी सिन्सिअर, व्हेरी हार्डवर्किंग, फॅमिलीसारखा आहे. त्यांच्यातल्या एकाने घेतलं त्याला. आणि हा महाराज चार दिवस काम करून, जास्त पगार मिळतोय म्हणून, न सांगता दुसरीकडे निघून गेला. फोनही बंद. त्यानंतरच्या नाश्त्याला मी मान खाली घालून उभी होते, आता कुणीतरी ऐकवणार म्हणून. कुणी एक शब्द बोललं नाही. हसून गुड मॉर्निंग म्हणाले, नेहमीसारखेच. फक्त त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणी काही विचारायचंच बंद झालं. ओरडले असते तर परवडलं असतं हो!

मग हळूहळू परत विश्वास बसला. मी कमी बोलायला शिकले. एका फिलिपिनो अकाउंटंटबद्दल विचारलं तेव्हा नुसतं "हो, मी घेतलं असतं" म्हणाले. ती चांगली निघाली. मग आणखी एक. लोक परत माझ्याकडे यायला लागले. माझा शब्द चालायला लागला. वसईच्या पोरीचा शब्द, डॅनिश लोकांत! बिन महमूदच्या आमच्या फ्लॅटमध्ये परतताना मी मेट्रोत स्वतःशीच हसायचे.

आता शुभांगीबद्दल.

शुभांगी आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहायची. कराडकडची. नवरा विलास इंडस्ट्रियल एरियात एका कंपनीत पंप सर्व्हिसिंगचा सुपरवायझर. दोन मुलं. माझी रिया पोटात असताना माझी तब्येत बिघडली, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. ऑस्कर हॉस्पिटलात नोकरीला, त्याला शिफ्ट. आई यायला निघाली तर तिचा व्हिसाच होईना. तेव्हा मला कुणी बघितलं? शुभांगीने. माझं डोकं विंचरण्यापासून ते माझी भांडी घासण्यापर्यंत सगळं. मी मासे खाणारी, ती माळकरी घरातली, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारी. पण मला पापलेट खावंसं वाटलं तर नाकाला पदर लावून तिने ते तळलं. "तुझ्या पोटातल्यासाठनं करतीया, तुझ्यासाठनं न्हाई," म्हणाली आणि हसली. सख्खी बहीण नसेल करत इतकं. रिया झाल्यावर पहिली आंघोळ तिनेच घातली.

आणि विलासभाऊ. कसा सांगू तो माणूस? मोठा आवाज, मोठं हसणं. लिफ्टमध्ये भेटले तरी तळमजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाणार. मला वहिनी म्हणायचे. कामाला एकदम चोख. इथे सुट्टी शुक्रवारची, पण त्या दिवशीही झोप काढायची सोडून, बिल्डिंगच्या पाण्याचा पंप बंद पडला की हेच खाली. वॉचमनलासुद्धा "यल्ला यल्ला", म्हणजे चल चल, करत कामाला लावायचे आणि मग त्यालाच चहा पाजायचे.

एकदा मंडळाचं ख्रिसमसचं जेवण होतं. ऑस्करला ड्युटी, माझ्याकडे सजावटीचे खोके. विलासभाऊंनी मला गाडीने सोडलं आणि खोके घेऊन थेट हॉलमध्येच आले. तिथे हेन्रिक होता. पंपांच्या एका डॅनिश कंपनीचा इथला मुख्य, उंच, शांत माणूस. त्याने विलासभाऊंना जाऊच दिलं नाही, बसवलं, ताटात मुरवलेला हेरिंग मासा वाढला. भाऊ घराबाहेर मासे खायचे, पण हे त्यांना लोणचं वाटलं. तोंडात घातला आणि भर हॉलमध्ये मराठीत ओरडले, "आयला वहिनी, हा तर कच्चा हाय!" पण थुंकला नाही, हं. डोळ्यांत पाणी आलं, गिळला आणि अंगठा वर करून "हेन्रिकसाब, नंबर वन!" सगळा हॉल हसला. हेन्रिक तर टेबलावर हात आपटून हसला. त्याला इतकं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी पण हसले. वरवर. आतून मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

का? त्यांनी काय वाईट केलं होतं? काहीच नाही. सगळ्यांना ते आवडले होते. मग मला कसली लाज वाटली? बघा, इथेच अडखळते मी.

पुढच्या वर्षी विलासभाऊंची कंपनी बसली. आधी पगार लांबले, मग मालक दिसेनासा झाला, मग खलास. नवी नोकरी, व्हिसा देणारा नवा स्पॉन्सर मिळाला नाही तर सगळ्यांना परत जावं लागणार होतं. मुलांची शाळा अर्ध्यावर. कराडला घर होतं, पण भाऊंना तिथे काम काय मिळणार? शुभांगी जिन्यात भेटली की तिचा चेहरा उतरलेला. जीव टांगणीला लागलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा रोज बघत होते.

आणि त्याच महिन्यात नाश्त्याला हेन्रिक उभा राहिला. म्हणाला, मला सर्व्हिस सुपरवायझर हवाय, फॅमिली व्हिसा देऊ.

देवाने ताट वाढून समोर ठेवणं म्हणतात ना, तसं! मी संध्याकाळी धावत वर गेले. भाऊंनी त्या रात्रीच अर्ज केला. शुभांगीने माझे दोन्ही हात धरले. "जॅसिंता, तू तिथं हाईस म्हणून मला धीर हाय बघ. तू एक शब्द टाक. तुझा शब्द त्ये ऐकत्यात." मी म्हणाले, अगं, हे काय सांगायला हवं? आणि खरं सांगते, ते मी मनापासून म्हणाले होते. निदान मला तरी तसं वाटतं.

पुढच्या नाश्त्याला मी तयारीने गेले होते. काय बोलायचं ते ठरलेलं. लांब काही नाही, फक्त "हो". एक अक्षर.

कॉफीच्या मशिनपाशी हेन्रिक आला. हसतच आला. म्हणाला, "जॅसिंता, तुझा तो हेरिंगवाला मित्र! त्याने अर्ज केलाय. कागद चांगले आहेत. तू त्याला ओळखतेस. तू घेतलं असतंस का त्याला?"

आणि मी थांबले.

किती थांबले? एक श्वास असेल. त्या श्वासात माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी अनेकदा तपासून बघितलंय. पहिल्यांदा ऑस्करचा मामेभाऊ आला. परत तसं झालं तर? परत ती हसरी, गप्प तोंडं? वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी घाबरले होते, एकदा पोळले होते. भीती ही काय इतकी वाईट गोष्ट आहे? पण ते खरं नाही. विलासभाऊ पळून जातील असं मला एक क्षणही वाटलं नाही. त्यांच्याइतका पक्का माणूस मला माहीत नव्हता, आजही नाही.

खरं होतं ते असं. मला दिसलं, की उद्यापासून हे त्या हॉलमध्ये येणार. हेन्रिकला आवडलेत, तो त्यांना नाश्त्याला घेऊन येणार. ते मोठ्याने हसणार, "वहिनी" म्हणून हॉलच्या त्या टोकावरून हाक मारणार, पावाला लोणी लावता लावता माझी रिया झाली तेव्हाच्या गोष्टी सांगणार. आणि सगळ्यांना ते माझ्यापेक्षा जास्त आवडणार. मी इतकी वर्षं आवाज खाली ठेवून, शब्द मोजून, कपडे बघून जी जागा मिळवली, ती ते एक कच्चा मासा खाऊन घेऊन जाणार. मला ती खोली माझ्या एकटीची हवी होती. इतकंच. इतकं क्षुद्र.

मी कपात साखर घातली. मी कॉफीत साखर घेत नाही. चमचा फिरवत म्हणाले, "त्याची फॅमिली खूप छान आहे."

खोटं बोलले का मी? नाही. फॅमिली छानच होती. कुठल्याही कोर्टात मी सुटेन. पण हेन्रिक डॅनिश होता, आणि त्याला काय ऐकू गेलं ते मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणूनच तर मी तसं बोलले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच गेलं. तो म्हणाला, "ओके. थँक यू, जॅसिंता." आणि माझ्या दंडाला हलका हात लावून गेला.

तो दाराशी बराच वेळ उभा होता, कुणाशी तरी बोलत. मी जाऊन सांगू शकले असते. अरे, तू चुकीचं समजलास, तो सोन्यासारखा माणूस आहे. पाच पावलं नसतील मधे. मी टेबलावरचे उरलेले पाव डब्यात भरत राहिले. दुपारी ऑफिसात त्याला फोन लावायला घेतला, आणि ठेवला. दुसऱ्या दिवशीही वेळ होती. सगळा आठवडा वेळ होती. माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं?

त्या संध्याकाळी शुभांगी दारात उभी. मी तिला आत घेतलं आणि आता मात्र सरळ सरळ खोटं बोलले. म्हणाले, "मी जीव तोडून सांगितलं गं. पण त्यांनी आधीच कुणालातरी शब्द दिला होता." तिचा चेहरा पडला. आणि मग, मग तिने माझीच समजूत काढली. "तू कशाला वाईट वाटून घेतीस? तू केलंस न्हवं तुझ्यापरीनं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने आपल्या पदराने पुसलं. मी पुसू दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन कराडला गेली ती कायमची. विलासभाऊंना शेवटी मेसईदला एका कारखान्यात काम मिळालं. सुपरवायझरचं नाही, साधं मेकॅनिकचं. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये एका खोलीत चौघे. फॅमिली व्हिसा नाही. एअरपोर्टवर धाकटी मुलगी त्यांच्या गळ्यात पडून सोडेना. शुभांगीने तिचे हात एकेक करून सोडवले. मी तिथेच उभी होते, रियाला कडेवर घेऊन. मी काय केलं असेल सांगा? मी त्यांच्यासाठी प्रवासात खायला सँडविच करून नेली होती.

काही महिन्यांनी मंडळाचं सगळं काम कमिटीने माझ्याकडे सोपवलं. सभासद कुणाला घ्यायचं, कुणाची कुणाशी गाठ घालून द्यायची, सगळं. मला वाटलं, माझ्या कामाची कदर झाली.

विलासभाऊ सुट्टीच्या शुक्रवारी बसने दोह्याला येतात. येताना एशियन टाउनमध्ये उतरून आमच्यासाठी कोथिंबीर, ओली मिरची, रियासाठी काहीतरी गोड आणतात. आमच्याकडे जेवतात. जेवण झालं की आमच्या सोफ्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. मुलीला न्हाण आलं ते त्यांना त्या सोफ्यावर कळलं. मुलगा दहावीत नापास झाला तेही. शुभांगी म्हणाली, बाप जवळ नसला की पोरं ऐकत न्हाईत. मी आत स्वयंपाकघरात ऐकत असते. आता ते हसतात, पण खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं नाही. रियाला त्यांचं मराठी समजतं आणि ती इंग्रजीत उत्तर देते, त्याचं त्यांना भारी कौतुक. दर वेळी जाताना मला सांगतात, "वहिनी, तुमच्या घरामुळं माणसात आल्यागत वाटतं." दर वेळी मला वाटतं, आज सांगायचं. दर वेळी मी त्यांना डबा भरून देते.

या वर्षी हेन्रिक कायमचा डेन्मार्कला परत गेला. निरोपाचा नाश्ता मीच आखला होता. या वेळी सभासदांच्या जोडीदारांनाही बोलावलं होतं, ऑस्कर माझ्या शेजारी बसला होता. केक, कागदी झेंडे, त्यांचं ते गाणं. मग तो बोलायला उभा राहिला. सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी माझं नाव घेतलं. म्हणाला, "या हॉलमध्ये असं एकच माणूस आहे, ज्याचा शब्द मला कधी तपासावा लागला नाही. एकदा तिच्या घरच्यासारख्या मित्राने माझ्याकडे अर्ज केला होता. ती सहज 'हो' म्हणू शकली असती. मला तो आवडलाही होता, मी घेणारच होतो. पण ती प्रामाणिक राहिली. त्याच दिवशी मी कमिटीला सांगितलं, की मंडळ हिच्या हातात द्या."

मी घेणारच होतो. हे त्याने किती सहज म्हटलं!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॅनिश लोक असे उगाच टाळ्या वाजवत नाहीत. मी उभी राहिले. आता तरी? सगळे ऐकत होते. हेन्रिक समोर होता, अजून वेळ गेली नव्हती, निदान त्याच्या मनात भाऊंचं नाव तरी साफ झालं असतं. मी त्यांच्या भाषेत आभार मानले आणि बसले.

गाडीत ऑस्करने विचारलं, "कुठला गं मित्र?" मी म्हणाले, तू नाही ओळखत.

त्या शुक्रवारी विलासभाऊ आले. ऑस्करने जेवताना हौसेने सगळं सांगितलं. हिचं कसं कौतुक झालं, टाळ्या काय, भाषण काय, कुणा मित्रासाठीसुद्धा खोटा शब्द टाकला नाही म्हणे. भाऊंच्या डोळ्यांत माझ्याबद्दल अभिमान मावेना. हात न धुताच त्यांनी शुभांगीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिला सगळं परत सांगितलं. मी ताटं उचलत होते.

"मग! आमची जॅसिंता हायच तशी," शुभांगी म्हणाली. आवाज जरा थकलेला होता. "आमच्यासाठनं किती धडपडलीस गं तवा. ते मी मरंस्तवर इसरायची न्हाई."

विलासभाऊ माझ्याकडे बघत होते. ऑस्करही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

या वेळी मी थांबले नाही. लगेच बोलले. "एवढं काय गं त्यात," मी म्हणाले, "तुम्ही आपलीच माणसं."